शिवेवरचा बाण

मी थकले आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको, की बाई डोंगरात सायकल चालवतात आणि किरकिर केवढी करतात. डोंगरात सायकल चालवणारा माणूस सदा हसतमुख असतो, पहाटे उठून लिंबूपाणी पितो आणि भेटेल त्याला मोकळ्या हवेचे फायदे सांगतो, अशी लोकांची एक समजूत असते. आमच्यात तसे दोघंतिघं आहेतही. मी त्यांतली नाही. मी सांगलीत विश्रामबागेत राहते, बँकेत नोकरी करते, माझा उजवा गुडघा कुरकुरतो, आणि रविवारी अंधारात गाडीच्या मागे सायकल अडकवताना दर वेळी वाटतं, की आज झोपायला हवं होतं. नवरा पांघरुणातूनच म्हणतो, "मग जाऊ नकोस." एवढं ऐकलं की मी जाते.

सांगलीजवळ दंडोबाचा डोंगर आहे, तिथे सराव होतो. पण आमची खरी वाट साताऱ्याच्या पश्चिमेला, सड्यावर. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा. सगळा जांभा कातळ, त्यावर वीतभर गवत, मधे मधे पाणी साचायच्या खोलगट जागा, आणि पवनचक्क्या. पावसाळा सरताना दोनचार आठवडे तिथे फुलं येतात आणि फुलांपेक्षा जास्त माणसं येतात. एरवी कुणी फिरकत नाही. पिवळं गवत आणि वारा, बस्स. हा सडा ओलांडला की एकदम कडा लागतो, आणि कड्याला एके ठिकाणी खिंड आहे. तिथून वाट रानात शिरते. जांभूळ, हिरडा, गेळा, आणि खाली माणसाच्या डोक्यावर जाणारी कारवी. वाट वळत वळत खालच्या गावात उतरते. उतरताना ब्रेक दाबून बोटं बधिर होतात. चांगली वाट आहे. मी थकले असले तरी हे कबूल करते.

ही वाट आम्ही शोधली असं आमच्यातले काहीजण सांगतात, ते खोटं आहे. वाट ढोरांची. पिढ्यान्‌पिढ्या गावची जनावरं चरायला वर जायची, त्यांच्या खुरांनी ती पडली. आता गावात जनावरं कमी झाली, जी आहेत ती गोठ्यात उभी राहून खातात. ढोरं जायची थांबली आणि कारवी दोन्हीकडून वाट गिळायला लागली. म्हणून दर वर्षी दिवाळीनंतर आम्ही कोयते घेऊन जातो आणि फांद्या तोडतो. पहिल्या वर्षी माणसं एवढी आली की कोयते पुरेनात. गेल्या वर्षी कोयते उरले. नव्या पोरांना व्हिडिओ काढायचा असतो, कारवी तोडायची नसते. मीही त्यांच्या वयाची असते तर तेच केलं असतं, पण मी त्यांच्या वयाची नाही, आणि कंबर माझी धरते.

रानात वाट दिसते तरी. सड्यावर तीही दिसत नाही, कारण कातळावर चाकाची खूण उमटत नाही. त्यात धुकं आलं की संपलंच. एकदा आमच्यातला एकजण धुक्यात खिंड समजून भलत्याच बाजूला गेला आणि पुढचं चाक कड्याच्या तोंडाशी थांबलं. त्यानंतर ठरलं, की सड्यावर खुणा करायच्या. आमच्या गटात एक दातांचे डॉक्टर आहेत. उत्साही माणूस. त्यांनी घराच्या फाटकाला आणलेला केशरी ऑइल पेंट उरला होता, तो घेऊन आले. दुरून दिसतो म्हणाले. त्यांनी ठिकठिकाणी दगडांवर केशरी पट्टे ओढले. खिंडीपाशी मात्र नीट खूण हवी, म्हणून तिथल्या अंजनीच्या झाडाखाली पाट्याएवढा एक जांभ्याचा दगड उभा केला, तो अख्खा केशरी रंगवला, आणि त्यावर मी पांढऱ्या रंगाने आडवा बाण काढला. बाणाचं टोक खिंडीकडे. लांबून बघितलं आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता बघा. आम्ही सगळी मराठी माणसं. सातारची, वाईची, सांगलीची. अंजनीचं एकटं झाड, गावची शीव, आणि झाडाखाली उभा केलेला केशरी दगड. याचा अर्थ काय होतो, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. परदेशी पाहुणा असता तर त्याला माफ केलं असतं. आम्ही लहानपणापासून अशा दगडांसमोर चपला काढत आलो, आणि हातात ब्रश आल्यावर विसरलो.

पुढच्या खेपेला दगडासमोर नारळाची करवंटी पडली होती. त्याच्या पुढच्या खेपेला हळदकुंकू आणि उदबत्तीच्या काड्या. मग कुणीतरी भोवती दगडांचं कडं केलं, झाडाला एक घंटा बांधली. आडव्या बाणाचं काय करायचं, हा प्रश्न लोकांनी आपल्यापुरता सोडवला होता. त्यांनी वर चुन्याने दोन डोळे काढले. म्हणजे बाणाची मिशी झाली. एका बाजूने पिळलेली, दुसऱ्या बाजूने सरळ, पण मिशी. म्हसोबाला शोभेल अशी.

आम्ही हसलो. पोट धरून हसलो. डॉक्टर म्हणाले, "मानला तर देव, नाहीतर धोंडा." पण हसून झाल्यावर कळलं, की आता तिथून सायकल दामटत जाता येत नाही. आपणच हात दाखवून अवलक्षण. उतरायचं, सायकल हातात धरायची, देवाला उजवी घालून पुढे जायचं, असं आपोआप सुरू झालं. ऐन उताराच्या तोंडाशी, जिथे वेग घ्यायचा, तिथेच. पोरं कुरकुरली. मला मात्र ते थांबणं बरं वाटायचं. गुडघ्याला विसावा.

तिथेच ती मला पहिल्यांदा भेटली. खालच्या गावची, माझ्यापेक्षा आठदहा वर्षांनी मोठी असेल. बाकीचे पुढे उतरून गेले होते, मी अंजनीच्या सावलीत पाय लांब करून बसले होते. ती वर चढून आली, पदर खोचलेला, हातात दुधाचा छोटा गडू. माझ्याकडे बघून म्हणाली, "सरका जरा ताई, दूध घालायचं हाय." मी सरकले. तिने दगडाच्या पायाशी दूध घातलं, हात जोडले, आणि मग माझ्याशेजारी बसून आपले तळपाय दोन्ही हातांनी चोळायला लागली. तेव्हा मी बघितलं, ती अनवाणी होती. सड्याच्या कडेचा जांभा म्हणजे किसणी. टाचा फाटून त्यात माती भरली होती आणि एका अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"मावशी, चप्पल कुठं गेली?" मी विचारलं.

"बोललीया देवाला," ती म्हणाली. "लेक घरी यीस्तवर पायात घालायची न्हाई."

लेक सीमेवर नोकरीला. त्या गावात घरटी एक माणूस फौजेत आहे, त्याचं कुणाला अप्रूप नाही. पण पोरगी गेलेली ती पहिली. भरतीच्या वेळी गावाने हार घातले, फलक लावला. मग तिची बदली लांब बर्फातल्या ठाण्यावर झाली. रजा मंजूर व्हायची आणि रद्द व्हायची, पुन्हा मंजूर, पुन्हा रद्द. फोन लागला तर लागला. मधे बरेच दिवस तो लागलाच नाही, त्याच दिवसांत कुणीतरी हिला सांगितलं, की वर शिवेवर नवा देव प्रगटला आहे, कडक आहे, पावतो. ही वर आली आणि बोलून गेली. संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बघा की," ती म्हणाली. "त्याच दिशी. पोरांच्या आयास्नी सवं असती ताई, त्यांच्या सासवांनी सोसलं, नवऱ्यांच्या मागं त्यांनी सोसलं. मला कोन शिकवनार? पोरगी धाडलेली बाई गावात दुसरी न्हाई."

मी मान हलवली. दगडाकडे बघायचं टाळलं. त्या देवाच्या अंगावर डॉक्टरांच्या फाटकाचा रंग होता, आणि मिशी काढताना माझा हात थरथरला होता म्हणून ती एका जागी जाड झाली होती. हे सगळं माझ्या ओठांपर्यंत आलं. पण समोर ते पाय होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. मी पाण्याची बाटली पुढे केली. ती दोन घोट प्यायली आणि उतरून गेली. त्या दिवशी मी खाली उतरताना दोनदा पडता पडता वाचले.

मग आम्ही भेटत राहिलो. दर वेळी नाही, पण अधूनमधून. मी गेले की डोळे तिलाच शोधायचे, आणि ती दिसली की मी आधी पायांकडे बघायची. अनवाणीच. एकदा मी तिला म्हटलं, "देवाला समजतं मावशी, निदान चढताना तरी घालत जा." ती हसली. "देवाला समजत आसंल, पन मी बोललीया न्हवं." बोललेलं पाळायचं असतं, मलाही घरी हेच शिकवलं होतं. फक्त कुणाला बोललोय, हे मला माहीत होतं आणि तिला नव्हतं. तेच मला खुपत होतं. रात्री झोपताना खुपायचं आणि बँकेत कुणी सही करायला वाकलं की उगीचच खुपायचं.

यंदा होळीच्या सुमारास वनखात्याकडून सांगणं आलं, की सड्यावरच्या दगडांवरचे रंग काढा. फुलांच्या, शेवाळाच्या नाजूक जागा आहेत, तिथे तैलरंग नको. यात चुकीचं काहीच नव्हतं. खुणा हव्या असतील तर लाकडी पाट्या ठोका, असं ठरलं, आणि रंग पुसल्याशिवाय पुढच्या मोसमात सड्यावर सायकली नाहीत. आता रंग पुसणार कोण? लावताना जे नाचत होते, त्यांना पुसताना पाठदुखी झाली. डॉक्टरांच्या मुलीचं लग्न निघालं. पोरं परीक्षेत. शेवटी मी आणि माझा गुडघा. लोणंदकडचा एकजण येतो म्हणाला होता, त्याने आदल्या दिवशी निरोप पाठवला, की जमत नाही, पण मनाने मी तुमच्याबरोबर आहे. मनाने तारेचा ब्रश धरता येत नाही, असं मी लिहिलं आणि पुसलं. सरावच करत होते म्हणा ना.

सड्यावरचे पट्टे घासून काढता काढता ऊन डोक्यावर आलं. तैलरंग जांभ्याच्या भोकांत शिरून बसतो, तो निघता निघत नाही. खिंडीपाशी पोचले तेव्हा दंड भरून आले होते, आणि मला वाटत होतं, की हा शेवटचा दगड कुणीतरी येऊन घासावा आणि मी झाडाखाली मरून पडावं.

ती तिथे बसलेलीच होती. आज दूध नव्हतं, काही नव्हतं. नुसती गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. माझ्या हातातला ब्रश आणि टर्पेंटाइनची बाटली तिने बघितली आणि विचारलं, "देवाला रंग द्याचा व्हय?"

"लेक आली का?" मी उलट विचारलं.

"रजा पुन्यांदा काटली. आठ दीस झालं, फोन न्हाई."

मी सायकल आडवी टाकली आणि तिच्यासमोर बसले. आता पुढे न बोलणं शक्य नव्हतं. तिच्यादेखत मी तो दगड घासायला घेतला असता, तर तिने मला कड्यावरून ढकलून दिलं असतं, आणि बरोबर केलं असतं. तिला घरी जाऊ द्यायचं आणि मागे पुसायचं, हाही विचार मनात येऊन गेला. मग ती उद्या गडू घेऊन चढून आली असती आणि तिला देवाच्या जागी ओरखडे दिसले असते. फोन बंद असताना. मी सरळ सगळं सांगितलं. धुकं, खिंड, डॉक्टरांचं फाटक, पांढरा बाण. डोळे आम्ही नाही काढले, तेही सांगितलं. मला वाटलं, ही आता रडेल, नाहीतर शिव्या देईल. शिव्या चालल्या असत्या.

तिने दगडाकडे बघितलं. मग उठली, पदराच्या टोकाने मिशीवरचं कुंकू पुसलं आणि बोटाने ती रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गिरवली.

"बान व्हय ह्यो," ती म्हणाली. "मला मिशी वाटली."

"सगळ्यांनाच वाटली."

"म्हंजी वाट चुकलेल्यानं ह्येच्याकडं बघायचं."

"हो. गावाकडची वाट इकडे, म्हणून."

"मग ह्येलाच बोलायला पायजे हुतं," ती म्हणाली. "बाकीच्या देवास्नी कुटं म्हाईत आसत्यात वाटा? एका जागी बसल्यालं आसत्यात."

हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली. मग तिनेच विचारलं, की पुसायलाच पाहिजे का? मी म्हटलं, इथे ठेवता येणार नाही मावशी. त्यावर तिने दगडाला दोन्ही हात घातले आणि हलवून बघितला.

"हितं नगं आसंल तर घरी नेते. न्हेऊ ना? आवं, हात लावा की, बघताय काय!"

आम्ही तो उपटला. पाट्याएवढा म्हणते, पण जांभ्याचा पाटा. ती डोक्यावर घ्यायला निघाली, मी नको म्हटलं, मान मोडेल. मग तिची नजर सायकलवर गेली. तिने ती पुढून बघितली, मागून बघितली.

"एवढी थोराड सायकल आन क्यारेज न्हाई?"

नाही, मी म्हटलं. या सायकलींना नसतं. तिने ज्या नजरेने माझ्याकडे बघितलं, ती नजर माझ्या नवऱ्याच्या चांगल्या ओळखीची आहे. शेवटी दगड सीटच्या पुढे दांडीवर आडवा ठेवला, जादाच्या ट्यूबने करकचून बांधला, वरून माझा टॉवेल गुंडाळला. मी हँडल धरलं, तिने दुसऱ्या बाजूने दगड सांभाळला, आणि आम्ही रानात उतरलो.

देव बरोबर आहे म्हणून मीही बूट काढले होते. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई, तुमास्नी सवं न्हाई." मी हट्टाने दोन वळणं अनवाणी चालले. मग एक गेळ्याचा काटा लागला आणि मी गपचूप बूट घातले. तिने न बघितल्यासारखं केलं. ती त्याच काट्यांवरून चालत होती. एरवी मी जो उतार डोळ्यांत पाणी येईपर्यंत वेगाने उतरते, तो आम्ही थांबत थांबत, चाकापुढे दगड लावत, धापा टाकत उतरलो. वाटेत ती लेकीच्या गोष्टी सांगत होती. शाळेत सायकल मिळाली होती तिला, ती घेऊन पोरगी याच वाटेने वर चढायची, चढवत न्यायची आणि उतरताना पाय सोडून द्यायची. एकदा कारवीत जाऊन पडली, ती हसतच बाहेर आली. "म्या मारलं तिला लय," ती म्हणाली. "न्हाई मारायला पायजे हुतं." मला वाटतं, त्या वेळी आम्ही दोघीही रडत होतो. घामाने ते लपलं.

घर गावाच्या वरच्या अंगाला, पहिलंच. पत्र्याचं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. दार उघडंच होतं, नवरा रानात गेलेला. आम्ही ट्यूब सोडली, दगड उतरवला आणि दाराच्या उजव्या हाताला भिंतीला टेकवून उभा केला. तिने आतून तांब्याभर पाणी आणून त्याच्यावर घातलं, मला चहा टाकते म्हणाली आणि टाकलाच नाही. उंबऱ्यावर बसली. मीही अंगणात बसले. मला आता काही नको होतं, सांगलीसुद्धा नको होती, तिथेच भिंतीला डोकं टेकून पडावं असं वाटत होतं.

तिचं लक्ष दगडाकडे होतं. दोन डोळे, आणि खाली तो माझा जाडाभरडा बाण. त्याचं टोक रस्त्याकडे होतं. घरापासून लांब, एस.टी. जाते त्या बाजूला.

ती उठली.

"ताई," ती म्हणाली, "शेवटचा एकडाव हात लावा."

मी दमले होते, तरी उठले. आम्ही दोघींनी दगड उचलून उंबऱ्याच्या दुसऱ्या बाजूला नेला आणि ठेवला. आता बाणाचं टोक दाराकडे आलं. तिने वाकून बघितलं, पायाने माती सारून दगड थोडा आणखी फिरवला, अगदी उंबऱ्यावर नेम धरल्यासारखा, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता न्हाई चुकायची."